पाचशे नव्वद की पाचशे एक्क्याण्णव

नरहरराव कोहिनूरकरांना आयुष्यात एक गोष्ट मनापासून हवी होती. कॉलेजच्या वर्गात बाकावर बसायचं, समोर कुणी शिकवणारा उभा आहे आणि आपण वहीत उतरवून घेतोय. पंचेचाळिशीला टेकलेल्या, हाताखाली नऊ माणसं असलेल्या विभागप्रमुखाला असलं काही हवं असावं हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती, म्हणून ते सांगत नसत. सुमतीबाईंना मात्र ठाऊक होतं. गुलबर्ग्याच्या कॉलेजवरून जाताना नवऱ्याच्या सायकलचा वेग आपोआप कमी होतो, हे त्यांनी मागे कॅरियरवर बसून बसून ओळखलं होतं.

बसवकल्याण तालुक्यातलं कोहिनूर हे त्यांचं गाव. नाव असं झगझगीत, आणि गावात बघावं तर तूर, ज्वारी आणि धूळ. कचेरीतली मंडळी त्यांना "काय हो, हिरा कुठं ठेवलाव?" असं हटकून विचारायची, आणि नरहररावही हटकून हसायचे. पंचवीस वर्षं एकाच विनोदाला हसत राहणं हा काही लहानसहान गुण नव्हे.

शाळा कल्याणीला, म्हणजे बसवकल्याणला, झाली. पहिली चार वर्षं उर्दूतून. मग निजामाचं राज्य गेलं, शाळा काही महिने बंदच राहिली, आणि उघडली तेव्हा मराठीतून. पुढे छप्पन साली बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कानडी आली. एकाच माणसाने तीन भाषांत नापास व्हायची उत्तम संधी होती ती. नरहरराव तिन्हींत पास झाले, पण मॅट्रिकच्या पुढे जाता आलं नाही. वडील गेले आणि सत्तावन्न साली एका खात्याच्या गुलबर्ग्यातल्या विभागीय कचेरीत ते कारकून म्हणून चिकटले.

नोकरी मिळाली ती उर्दूमुळे. या कचेरीत प्राथमिक शिक्षकांच्या नोकरीच्या नोंदी असत. बीदर, गुलबर्गा, रायचूर या भागातली सगळी जुनी सेवापुस्तकं उर्दूत, आणि बेंगळुरूकडून बदलून आलेल्या साहेबांना त्यातलं अलिफ का बे कळत नव्हतं. त्यात तारखाही निजामाच्या काळच्या, फसली सनातल्या. कोण कधी जन्मला, कधी लागला, कधी घरी जाणार, सगळं आजूर, दै, बहमन, इस्फंदार असल्या महिन्यांत लिहिलेलं. नव्या राज्याला सगळ्या शिक्षकांची एक ज्येष्ठता यादी करायची होती. तेव्हा हे महिने आणि सन इंग्रजी तारखांत फिरवून लिहिणं, हे नरहररावांचं पहिलं काम.

शिकवायला होते हेडक्लार्क श्रीनिवासराव. तोंडात सदा पान, आणि हिशेब सगळे बोटांवर.

"हे बघ नरहर," ते म्हणाले, "फसली सनात पाचशे एक्क्याण्णव मिळव. झाला तुझा इसवी सन. डोकं चालवायचं न्हाई, मिळवायचं. पहिली तुझीच तारीख लिव, हात बसंल."

नरहररावांनी ट्रंकेतून आणलेला आपला दाखला उघडला. पंधरा दै तेराशे सत्तेचाळीस. त्यांनी पाचशे एक्क्याण्णव मिळवले आणि स्वतःच्या कोऱ्या सेवापुस्तकात सुंदर अक्षरात लिहिलं, एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे अडतीस. श्रीनिवासरावांनी सही ठोकली. त्या महिन्यात नरहररावांनी दीडशे माणसांचे जन्म असे फिरवले, आणि पुढच्या काही वर्षांत हजारोंचे.

एकाहत्तर साली कचेरीत यंत्रं आली. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, मग ती कार्डं एका लांबलचक यंत्रात घालायची. ते खडखड करत भोकं बघून कार्डांच्या चळती वेगळ्या करी. त्याला सॉर्टर म्हणत. बाकीचे कारकून त्या खोलीत जायला भीत. नरहरराव पहिल्या दिवशी आत गेले ते जणू तिथलेच झाले. कुठल्या रकान्यात भोक म्हणजे जन्मसाल, कुठल्या रकान्यात म्हणजे बदली, शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदतवाढ मिळाली असेल तर भोक कुठं, सगळी मांडणी त्यांनी स्वतः ठरवली. कुणी शिकवलं नव्हतं. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, एवढंच. वाचताना मात्र दर पानाला वाटायचं, कुणीतरी समोर उभं राहून हे सांगायला हवं होतं, म्हणजे हात वर करून विचारता आलं असतं.

चुकीचा शोध लागला चौऱ्याहत्तर साली, हुमनाबादच्या बसस्टँडवर. बस यायला वेळ होता, त्यांनी फुटाणे घेतले. पुडी निजामाच्या काळच्या एका सरकारी डायरीच्या पानाची होती, आणि त्या पानावर दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. दहा बहमन तेराशे चोपन्न, आणि खाली चौदा डिसेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. नरहररावांनी सवयीने पाचशे एक्क्याण्णव मिळवले. पंचेचाळीस आले. पुन्हा मिळवले. पुन्हा पंचेचाळीसच. फुटाणे तसेच खिशात गेले आणि बसही गेली.

गोष्ट साधी होती. फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. पहिले तीन महिने, म्हणजे आजूर, दै आणि बहमन, हे इंग्रजी साल बदलण्याच्या आधी पडायचे. त्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे. जानेवारीपासून पुढे पाचशे एक्क्याण्णव. बहमनच्या शेवटच्या चार-दोन दिवसांचा घोळ आणखी निराळा. श्रीनिवासरावांनी पानाच्या पिंकेसरशी हे सगळं एका आकड्यात बसवून टाकलं होतं, आणि त्या तीन महिन्यांत जन्मलेला प्रत्येक शिक्षक कागदावर एका वर्षाने लहान झाला होता.

नरहररावांनी सगळी कार्डं सॉर्टरमधून काढली. त्या तीन महिन्यांतली तीनशे बारा निघाली. ती दुरुस्त केली, यादी वर पाठवली, वरून शाबासकीचं पत्र आलं. त्या तीनशे बारा लोकांना एकेक वर्ष आधी निवृत्त व्हावं लागणार होतं, पण तारीख ही तारीख असते, असं नरहररावांचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढता येत नव्हती. आता तुम्ही विचाराल, त्यांची स्वतःची तारीख? ती शिक्षकांच्या कार्डांत नव्हतीच. कचेरीतल्या माणसांची पुस्तकं दुसऱ्या शाखेच्या कपाटात, कुलूपबंद. आपण दै महिन्यातले, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

पंच्याहत्तरच्या ऑक्टोबरात ठाणाकुशनूरहून एक शिक्षिका आल्या. राजूबाई. कपाळ मोकळं, अंगावर धुवट हिरवं लुगडं, दोन बस बदलून आलेल्या. त्यांचा जन्म बहमनातला. त्यांना पुढच्या सालच्या डिसेंबरात निवृत्त व्हायचं होतं, ते आता याच डिसेंबरात आलं होतं. नरहरराव सॉर्टरपाशी उभे होते, अर्धी चळत आत गेलेली. मध्येच थांबवली तर कार्डं अडकायची भीती, म्हणून त्यांनी यंत्र चालूच ठेवलं आणि मान हलवून "बोला" म्हटलं.

बाई बराच वेळ बोलत होत्या. त्या खडखडाटात नरहररावांना "चौथीच्या पोरी" एवढं ऐकू आलं, मग "सतरा", मग "राहू द्या साहेब". बाकीचं त्यांनी अंदाजाने घेतलं. येणारे सगळे तेच मागायचे.

"बाई, एक वर्ष देणं माझ्या हातात न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "कार्ड खोटं बोलत न्हाई. चूक ती चूक."

राजूबाई काहीतरी आणखी म्हणाल्या, मग पिशवी उचलून गेल्या. चळत न अडकता पार पडली याचं नरहररावांना बरं वाटलं.

एक्क्याऐंशीत खरा संगणक आला. थंड हवेची खोली, बाहेर चपला काढून ठेवायच्या. नरहरराव विभागप्रमुख झाले. मधल्या काळात त्यांनी घरी अभ्यास करून बाहेरून बी.ए. केलं होतं, पण ते तरी काय, पोस्टाने आलेली पुस्तकं आणि परीक्षेपुरता पाहिलेला हॉल. बेंगळुरूला बैठका होत. तिथली तरणी पोरं फळ्यावर चौकोन काढून बाणांनी जोडत आणि माहिती कशी वाहते ते सांगत. नरहररावांना ते सगळं आधीच माहीत असे, पण त्याला नाव असतं हे माहीत नसे. ज्या गोष्टीबरोबर आपण दहा वर्षं संसार केला तिचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे त्यांना फार लागे. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका साहेबाने सहज विचारलं, "तुमचं शिक्षण कुठं झालं?" नरहरराव म्हणाले, "कल्याणीला." साहेबाला मुंबईजवळचं कल्याण वाटलं आणि तो तिथल्या कॉलेजांची चौकशी करू लागला. नरहररावांनी त्याला तसंच वाटू दिलं, आणि परतीच्या गाडीत त्यांना स्वतःची लाज वाटली.

आणि त्र्याऐंशीच्या एप्रिलात ते परिपत्रक आलं. सरकारी खात्यांत संगणक विभाग चालवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बेंगळुरूच्या एका संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. पगारी रजा, राहायला वसतिगृह, प्रत्येक विभागीय कचेरीतून एक माणूस. पदवी हवी, दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि एक जुलैला वय पंचेचाळीसपेक्षा जास्त नको. सोबत विषयांची यादी. नरहररावांनी ती इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. पहिल्याच विषयाखाली लिहिलं होतं, वर्गात प्रत्यक्ष प्रसंगांवर चर्चा. वर्गात, हा शब्द त्यांनी बोटाने दाबून पाहिला.

सेवापुस्तकाप्रमाणे त्यांचं वय चव्वेचाळीस होतं.

सुमतीबाईंनी बेंगळुरूच्या थंडीसाठी करड्या लोकरीचा स्वेटर घेतला, होल्डॉल उन्हात टाकला, आणि शेजारच्या नलिनीबाईंना सांगूनही टाकलं. "आमच्या घरचं माणूस शिकायला जायलंय," त्या म्हणाल्या, आणि नलिनीबाईंना वाटलं त्या मुलाबद्दल बोलताहेत. घरात दोन दिवस यावर हसणं चाललं. नरहरराव तर आरशासमोर उभे राहून हात वर करून बघत होते, प्रश्न विचारायला हात वर केला तर आपण कसे दिसू.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अर्ज भरायला बसले. नाव, हुद्दा, पदवी. जन्मतारखेपाशी पेन थांबलं. त्यांनी उठून पेन्सिल आणली आणि हलक्या हाताने अडतीस लिहिलं. मग पेटीतून दाखला काढला. पंधरा दै. त्या पिवळ्या कागदावरचा तो एवढासा शब्द.

"काय झालं?" सुमतीबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. खरं साल सदतीस. एक जुलैला पंचेचाळीस वर्षं होऊन वर सात महिने बारा दिवस.

सुमतीबाई खाली बसल्या. "पुस्तकात काय हाय ते लिवा की. तुमी खोटं कुठं लिवायलाव? सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"अक्षर माझं हाय त्यातलं."

"मग? तवा तुमाला तरी कुठं ठाऊक व्हतं?"

"आता ठाऊक हाय न्हवं."

नरहररावांनी दोन्ही तळवे अर्जावर ठेवले. त्यांना तो वर्ग हवा होता. आणि कोणी पाहणारं नव्हतं, विचारणारं नव्हतं, बेंगळुरूत उर्दू वाचणारं तर कुणीच नव्हतं. पण तीनशे बारा माणसांना त्यांनी सांगितलं होतं, चूक ती चूक. ते हिरवं लुगडं त्यांना दिसलं. त्यांनी पेन्सिलीचं अडतीस खोडरबराने पुसलं आणि शाईने सदतीस लिहिलं. मग त्यांना रडू आलं, आणि सुमतीबाई होल्डॉल गुंडाळायला आत गेल्या.

कचेरीचे साहेब मल्लप्पा अर्ज बघून खुर्चीतून पुढे आले. माणूस कानडी, पण मराठी सीमेवरची फर्डी बोलायचा.

"रावसाहेब, हे काय करायलाव? पुस्तकात अडतीस हाय. कामून सदतीस?"

"दै महिन्याला पाचशे नव्वद, साहेब."

"अहो, कुणी विचारायला न्हाई!"

"मी विचारायलोय की."

मल्लप्पांनी डोक्याला हात लावला. अर्ज गेला, आणि अपेक्षेप्रमाणे महिन्याभरात दोन ओळींचं पत्र आलं. वयोमर्यादा ओलांडली असल्याने विचार करता येत नाही. सोबत सेवापुस्तकातली तारीख दुरुस्त करण्याचा आदेश, म्हणजे निवृत्तीही एक वर्ष अलीकडे आली. विभागातून त्यांच्या हाताखालचा सोमशेखर गेला. भालकीचा, तिशीतला, हुशार पोरगा, नरहररावांना अण्णा म्हणायचा. त्याला बसमध्ये बसवून द्यायला ते स्वतः स्टँडवर गेले. थंडी असते तिकडे, म्हणून करडा स्वेटरही त्याच्या हाती दिला. त्याला तो खांद्यात तोकडा होता, पण बिचाऱ्याने तिथेच घालून दाखवला.

"अण्णा, दर महिन्याला सगळे पाठ तुम्हाला पाठवतो," सोमशेखर खिडकीतून म्हणाला.

आणि तो शब्दाला जागला. चक्रमुद्रित कागदांचे गठ्ठे येऊ लागले. नरहररावांनी दोनशे पानी वही घातली, वर विषयाचं नाव लिहिलं, आणि कचेरी सुटल्यावर रिकाम्या विभागात बसून प्रत्येक पाठ स्वतःचा स्वतः शिकले. प्रश्न आला की हात वर करावासा वाटे. समोर बंद संगणक. ते मग समासात प्रश्नचिन्ह काढत. दोन-तीन महिन्यांत समास प्रश्नचिन्हांनी भरून गेले.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत गठ्ठ्यातून एक प्रसंग आला, उत्तर लिहून काढण्यासाठी. एका खात्याच्या जुन्या नोंदींत चूक सापडली आहे. दुरुस्त केली तर काही कर्मचाऱ्यांचं नुकसान होतं. विभागप्रमुख म्हणून तुम्ही काय कराल? नरहरराव वाचून खुर्चीतच ताठ झाले. हे तर त्यांचंच घरचं. त्यांनी एका बैठकीत दोन पानं लिहिली. चूक दिसताच दुरुस्त करावी, सर्वांना एकच नियम लावावा, कुणाचीही गय करू नये, स्वतःचीही नाही. शेवटचे दोन शब्द लिहिताना त्यांना जरा बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुढच्या गठ्ठ्यात सोमशेखरची तपासलेली उत्तरपत्रिका होती. सोबत चिठ्ठी, "अण्णा, तुमच्याकडून जे शिकलो तेच लिहिलं. दहापैकी चार पडले." नरहररावांनी उत्तर वाचलं. ओळ न् ओळ जणू त्यांच्याच दोन पानांतली. खाली शिकवणाऱ्याने लाल शाईने लिहिलं होतं: नियम बरोबर आहे. पण या दोन पानांत एकही माणूस नाही. ज्यांचं नुकसान होणार त्यांना काय हवं होतं, हे तुम्ही विचारलंत का?

नरहररावांना प्रथम राग आला. चार! मग त्यांनी लाल ओळी परत वाचल्या. आठ दिवस त्यांनी नवा पाठ उघडला नाही. रविवारी सकाळी सुमतीबाईंना म्हणाले, "ठाणाकुशनूरला जाऊन येतो," आणि वही पिशवीत टाकून निघाले. हुमनाबाद, बीदर, औराद करत पोचायला दुपार झाली.

राजूबाईंचं घर शाळेच्या मागेच. त्या ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. आता त्रेसष्टच्या पुढे, डोळ्यांना जाड भिंगं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"मशीनवाले साहेब न्हवं तुमी?"

"व्हय."

"बसा."

नरहरराव ओट्याच्या कडेला बसले. वाटेत चार-पाच वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. ते एकदम म्हणाले, "बाई, माझा बी जन्म दै महिन्यातला. माझं बी एक वर्ष गेलं. शिकायला जायचं व्हतं, ते बी गेलं."

बाईंनी काहीतरी म्हणावं अशी त्यांची आशा होती. काय म्हणावं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मग?" राजूबाई म्हणाल्या. "तुमचं गेलं म्हणून माझं आलं व्हय?"

"तसं न्हाई बाई. तुमी एक वर्ष मागितलं व्हतं. ते देणं माझ्या हातात—"

"वर्ष?" त्यांनी भिंगं वर सरकवली. "वर्ष कुणी मागितलं? चूक हाय तर हाय, असंच म्हणलं की मी. माझी आई सांगायची, तू बहमनातली, कडाक्याच्या थंडीतली. मी तुमाला काय म्हणलं? सतरा पोरी चौथीच्या परीक्षेला बसायल्यात, मी गेले तर शिकवायला कुणी न्हाई. मार्चपतोर राहू द्या साहेब. तीन महिने. तेवढंच म्हणलं व्हतं मी, दोनदा म्हणलं."

नरहररावांच्या हातातली पिशवी मांडीवर तशीच राहिली. मार्चपर्यंत. शाळेचं वर्ष संपेपर्यंत शिक्षकाला ठेवून घ्यायची तरतूद तेव्हाही होती. कचेरीने एक ओळ लिहून वर पाठवली की मिळायची. त्या मुदतवाढीचं भोक कार्डावर कुठल्या रकान्यात पडतं, हे तर त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

"मग पोरींचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दुसरे मास्तर आले जूनमदी. परीक्षेला पाच गेल्या. बाकीच्या बसल्या घरी. दोघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली." राजूबाई डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या. "त्यातली एक लई हुशार व्हती. तिला कालेजात जायचं व्हतं म्हणं. ह्या गावात कालेज शब्द तिनं कुठं ऐकला देव जाणे."

नरहररावांनी पिशवी खाली ठेवली. "बाई, मशीन चालू व्हती. मला ऐकू आलं न्हाई."

राजूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. चौथीतल्या मुलाला गणित चुकलं तर सांगावं तसंच त्यांनी सांगितलं.

"मग बंद करायची व्हती की, घडीभर."

बाईंनी चहा केला, तो त्यांनी घेतला. निघताना ते वाकून नमस्कार करू लागले तर त्या म्हणाल्या, "असू द्या, तुमची बस जाईल," आणि परत सूप हातात घेतलं.

औरादच्या बसमध्ये जागा मिळाली, खिडकीची. नरहररावांनी वही मांडीवर उघडली. जानेवारीतली ती दोन पानं त्यांनी आडव्या रेघा मारून खोडली, आणि पुढच्या कोऱ्या पानावर तोच प्रश्न पुन्हा लिहिला. गाडी हलत होती, त्यांचं ते सुंदर अक्षर पार वेडंवाकडं येत होतं. उत्तर त्यांनी या वेळी एका ओळीत लिहिलं: आधी यंत्र बंद करावं आणि बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं. बाई हा शब्द खोडून तिथे कर्मचारी लिहावं असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी तो तसाच ठेवला.

ते पान त्यांनी बीदरच्या स्टँडवर फाडून पाकिटात घातलं आणि वर सोमशेखरचा पत्ता घातला. सोबत चिठ्ठी लिहिली, जमलं तर हे तुझ्या सरांना दाखव, गुण नाही दिले तरी चालेल, एकदा वाचलं तरी पुष्कळ. पाकीट चिकटवण्याआधी त्यांना वाटलं, परीक्षेच्या कागदावर असतं तसं सगळं नीट भरावं. म्हणून पानाच्या माथ्यावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. अनुक्रमांक असंही लिहिलं, आणि त्याच्यापुढची जागा कोरी सोडली.